बिनतारी म्हणे!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे डॉक्टरांनी स्क्रीनपासून लांब राहायला सांगितलं होतं. आता दिसतंय स्वच्छ, त्यामुळे भांडायलाही हुरूप आला आहे.

निमित्त झालं ते मागच्या रविवारचं. पुण्याहून चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल होता. बोलता बोलता म्हणाले, "बाबा, तुम्ही वायरला चिकटून बसा. पुढे फोनला चार्जिंगचं भोकच राहणार नाही. सगळं वायरलेस." मी म्हटलं, भोक बुजवलं तर मी फोन घेणंच बंद करीन. त्यावर सूनबाई हसल्या, नातू हसला, कॉल संपला. माझ्या डोक्यातून मात्र विषय जाईना. म्हणून हा लेख. (पुण्याच्या मंडळींनी वाचून लगेच फोन करू नये. आधी पूर्ण वाचावा.)

तर हे बिनतारी चार्जिंग. आमच्या पिढीला 'वायरलेस' म्हटलं की पोलिसांची जीप आठवते. खरखर आवाज, आणि कुठे अकोला, कुठे बुलढाणा, मध्ये तार नाही! त्याला म्हणावं बिनतारी. चिरंजीवांनी दोन दिवाळ्यांपूर्वी जे आणून दिलं ती होती बशीएवढी काळी तबकडी. तिच्यातून एक वायर निघते, ती अडॅप्टरमध्ये जाते, अडॅप्टर भिंतीतल्या प्लगमध्ये. फोन तबकडीवर ठेवायचा. मी विचारलं, "तार गेली कुठे? ही तर इथेच आहे." फोनच्या पोटातून निघून ती वीतभर अलीकडे सरकली, एवढंच. आणि त्या वीतभराचे दीड-दोन हजार रुपये! जुन्या लोकांची चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लावण्याची म्हण उगाच नाही.

मी बी. ए. मराठीचा माणूस. पण लहान शाळेत मास्तरला निवड नसते. दोन वर्षं सातवीचं विज्ञान माझ्या गळ्यात होतं, त्यामुळे फॅरेडे मला परका नाही. १८३१ साली त्याने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली आणि दाखवून दिलं की एका वेटोळ्यातला प्रवाह बदलला की दुसऱ्यात, तार जोडलेली नसतानाही, क्षणभर प्रवाह उमटतो. तबकडीत तेच आहे. तिच्यातल्या वेटोळ्यात प्रवाह सेकंदाला लाखाहून जास्त वेळा आलटून पालटून फिरतो. त्याने चुंबकीय क्षेत्र हलतं, आणि फोनच्या पाठीतल्या वेटोळ्यात वीज तयार होते. ती पुन्हा सरळ करून बॅटरीला द्यायची. शोध सुंदर आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ओंजळीने पाणी नेताना जसं बोटांमधून गळतं, तशी इथे प्रत्येक पायरीला वीज गळते आणि तिची उष्णता होते.

शिवाय अंतर किती? काही मिलीमीटर. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर निकोला टेस्लाने १९०१ मध्ये मोठा मनोरा उभारायला घेतला होता. समुद्रापार संदेश पाठवायचे आणि पुढे वीजही, असं त्याचं स्वप्न. पैसे संपले, १९१७ मध्ये मनोरा पाडला. शंभराहून जास्त वर्षांनी आपण कुठवर आलो, तर फोनचं कव्हर जरा जाड असेल तर वीज अडते! आणि हे लहान कंपन्यांचंच नव्हे. ॲपलने २०१७ मध्ये गाजावाजा करून एक चटई जाहीर केली होती. तीन वस्तू तिच्यावर कुठेही ठेवा, चार्ज होतील म्हणून. २०१९ च्या मार्चमध्ये त्यांनीच सांगितलं की आमच्या दर्जाला उतरत नाही, रद्द. 'कुठेही ठेवा' हे जमत नाही, हे त्यांनी निदान कबूल केलं.

हे 'कुठेही ठेवा' मला चांगलंच महागात पडलं आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत रात्री दहाला मी फोन तबकडीवर ठेवला आणि झोपलो. फोनमध्ये थोडीच बॅटरी उरली होती, पण सकाळपर्यंत भरेल या भरवशावर. रात्री कधीतरी मेसेज आला असेल, थरथरीने फोन सरकला असेल, किंवा माझाच हात लागला असेल. सकाळी पाहतो तर फोन तबकडीवरच, पण बोटभर बाजूला, आणि ठार बंद. वायर लावून चालू केला तेव्हा खामगावच्या भाच्याचे मिस्ड कॉल. ताईच्या छातीत दुखू लागलं म्हणून तिला रात्री दीडला दवाखान्यात हलवलं होतं. "मामा, तुम्हाला तीनदा फोन केला. बंद लागत होता." बिचारा एकटा धावपळ करत होता. हिचा फोन रात्री स्वयंपाकघरात असतो, तो वाजला तरी आम्हाला ऐकू येत नाही. लँडलाइन आम्ही कधीच काढून टाकली. खामगाव इथून तासाभराच्या वाटेवर, आणि मी पोचलो सकाळी साडेनऊला. ताई बरी झाली. आता माझी चेष्टाही करते. पण त्या सकाळी तिने मला पाहून तोंड दुसरीकडे वळवलं होतं, ते मी विसरलेलो नाही.

चिरंजीवांना हे सांगितलं तर उत्तर आलं, "बाबा, नीट मधोमध ठेवायला हवा होता." अरे बाबा, जी सोय वापरायला रात्री चष्मा लावून, दिवा लावून, मधोमध आहे का ते बघावं लागतं, ती सोय कसली? वायर खट्‌ करून बसते. बसली की बसली. आंधळ्यालाही कळतं.

आता कोणी म्हणेल, नव्या तबकड्यांना लोहचुंबक असतं, फोन आपोआप जागेवर चिकटतो. खरं आहे. ॲपलने २०२० मध्ये ते आणलं, आणि २०२३ पासून ते सर्वांच्या सामायिक मानकातही आलं. (त्या मानकाचं नाव इंग्रजीत क्यूआय असं लिहितात आणि 'ची' असं म्हणतात. चिनी भाषेत त्याचा अर्थ प्राणशक्ती. नाव मोठं, लक्षण... असो.) चुंबकाने सरकण्याची भीती कमी होते, गळतीही कमी होते, हे मी मान्य करतो. पण मग फोन तबकडीला चिकटला, तबकडी वायरला चिकटली, वायर भिंतीला. म्हणजे झालं काय? वायरच लावली की, फक्त जाडजूड टोकाची! शिवाय चुंबकाचं आणखी एक आहे. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी असा फोन आणि चार्जर पंधरा सेंटिमीटरहून लांब ठेवावा, बिनतारी चार्जिंग चालू असेल तर तीस सेंटिमीटरहून लांब, असं ॲपल स्वतःच सांगतं. आमच्या कट्ट्यावर दोघांना पेसमेकर आहे. दोघांनाही हे ठाऊक नव्हतं. एक जण तर फोन शर्टाच्या खिशातच ठेवतो.

आता थोडं गणित करू. २०२० मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने मीटर लावून मोजलं. रिकामा फोन वायरने पूर्ण भरायला सरासरी १४.२६ वॅट-तास लागले, तबकडीवर २१.०१. म्हणजे जवळजवळ निम्म्याने जास्त. एकाच फोनवरचा प्रयोग आहे, प्रत्येक तबकडीला तोच आकडा लागू होणार नाही. पण हिशेबाला घेऊ. फरक ६.७५ वॅट-तास. रोज एकदा फोन भरला तर वर्षाला अडीच युनिट. दहा रुपये युनिट धरा, पंचवीस रुपये झाले. चिरंजीव म्हणाले, "पंचवीस रुपयांसाठी एवढं भांडण?" थांब, उदाहरण संपलेलं नाही. उद्या फोनला भोकच नसेल आणि देशातले शंभर कोटी फोन रोज असेच भरले, तर रोजची गळती होते साडेसदुसष्ट लाख युनिट. चोवीस तासांनी भागलं की सुमारे २८१ मेगावॅट, दिवसरात्र. आमच्या जिल्ह्यात पारसला औष्णिक वीज केंद्र आहे, तिथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यातला एक संपूर्ण संच आपण फोनच्या पाठी गरम करायला जुंपायचा, आणि तरी तो पुरणार नाही. पारसची राख ज्यांच्या अंगणात पडते त्यांना विचारा पंचवीस रुपये म्हणजे किती ते.

आणि पाठी गरम होतात हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही, तिचं आयुष्य कमी होतं. फोन ३५ अंशांच्या वरच्या हवेत वापरू नये असं कंपनीच्या माहितीत असतं. हे वाचून मला हसूच आलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, कूलर लावला तरी खोली ३५ च्या खाली यायला रात्र होते. त्यात ही तबकडी खालून शेक देणार. गेल्या उन्हाळ्यात मी दुपारी फोन ठेवला, तो तापला आणि त्याने स्वतःच चार्जिंग थांबवलं. यंत्राला कळतं, विकणाऱ्याला कळत नाही. बॅटरी लवकर मेली की दुकानदार म्हणतो नवीनच घ्या, आणि धडधाकट फोन कचऱ्यात.

उन्हाळ्यातच लाइट जाते. तासभर आली तर तासाभरात जेवढं भरेल तेवढं भरून घ्यायचं असतं. वायरने साधासुधा फोनही तासात बराचसा भरतो. तबकडी आपली आरामात. वर फोन कानाला लावला की चार्जिंग बंद. वायर असली की ताईशी अर्धा तास बोलताही येतं आणि भरणंही चालू राहतं.

भोक खराब होतं, वायरी तुटतात, हा चिरंजीवांचा हुकमी एक्का. टाइप-सी ची पिन दहा हजार वेळा घालता-काढता यावी अशा बेताने बनवलेली असते. दिवसातून दोनदा घातली तरी तेरा वर्षं झाली. इतकी वर्षं फोन टिकू देतं कोण? बहुतेक वेळा भोकात खिशातला कचरा अडकलेला असतो, दात कोरायच्या लाकडी काडीने (फोन बंद करून, हलक्या हाताने) तो निघतो.

माझा खरा राग वेगळाच आहे. इतकी वर्षं आपण दर फोनला वेगळी पिन घेऊन फिरलो. घरोघरी जुन्या चार्जरांचं गाठोडं आहे. शेवटी युरोपियन युनियनने कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे फोनला एकच पिन सक्तीची झाली. त्याआधीच, २०२३ मध्ये, ॲपलनेही ती लावली. सामान्य माणसाच्या बाजूने झालेला असा निर्णय क्वचितच पाहायला मिळतो. पण त्या कायद्याची मेख पाहा. जो फोन वायरने चार्ज होऊ शकतो, त्यालाच ही सक्ती. भोकच नसलेल्या फोनला नाही! म्हणजे भोक बुजवलं की पुन्हा ज्याची त्याची तबकडी, ज्याचं त्याचं चुंबक, आणि गाठोडं बांधायला आपण मोकळे. हा कल्पनेचा खेळ नाही. २०१९ च्या जानेवारीत मेझू या चिनी कंपनीने एकही भोक नसलेला फोन दाखवला होता. लोकांकडून आगाऊ पैसे मागितले, एक लाख डॉलरचं लक्ष्य होतं, त्याच्या निम्मेही जमले नाहीत. तेव्हा लोक शहाणे ठरले. पुढच्या वेळी जाहिरात जास्त चांगली असेल.

इथवर लिहून मी हिला वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मग हात पुढे करून म्हणाली, "आणि माझ्या बोटांचं काय?" हिला संधिवात आहे. सकाळी बोटं वळत नाहीत, ती इवलीशी पिन तिला धरताच येत नाही, आणि पूर्वी ती माझी वाट बघत बसायची. तबकडी आल्यापासून स्वतःचा फोन स्वतः ठेवते. इथे मी निरुत्तर. कंपवाताच्या माणसालाही असंच असणार. विजेवरचे दात घासायचे ब्रश फार पूर्वीपासून याच पद्धतीने भरतात, कारण ओल्या हाताशी उघडी पिन नको. तिथे तारेशिवायच हवं, आणि थोडी वीज गळाली तर गळो. काठी ज्याला लागते त्याने ती वापरावीच. पण म्हणून सगळ्या गावाला काठी घ्यायला लावायची आणि पायवाट उखडून टाकायची, हे कुठलं शास्त्र? तबकडी विका, खुशाल विका. भोक ठेवा.

ही म्हणाली, "हेही लिहा, नाहीतर लेख एकतर्फी होईल." लिहिलं.

आता तबकडी स्वयंपाकघरात हिच्या ओट्याशेजारी आहे. शाळेतून निवृत्त होताना आणलेली एक फुटकी पाटी माळ्यावर होती. तिच्या लाकडी चौकटीच्या दोन पट्ट्या कापून मी तबकडीच्या दोन बाजूंना ठोकल्या. फोन त्यांना टेकवून ठेवला की बरोबर मधोमध बसतो, सरकत नाही. खर्च शून्य. माझा फोन मात्र रात्री उशाशी वायरला असतो, आवाज मोठा करून. भाच्याला तसं कळवलं आहे.