दोष गेमपॅडचा नव्हे

संपादक महाशय,


गेल्या अंकातील पत्रलेखकांनी, जुन्या यंत्रांचे खेळ चालविणाऱ्या रेट्रोआर्कवर सुपर निन्टेंडोचे खेळ खेळताना एक्सबॉक्सच्या पॅडवरील ‘ए’ दाबले असता ‘बी’ची क्रिया घडते, एवढ्याच पुराव्यावर त्या पॅडला बडतर्फ करण्याची जी शिफारस केली आहे, ती मला घाईची वाटते. १९९० साली जपानात आलेल्या त्या मूळ यंत्राच्या पॅडवर ‘ए’ उजवीकडे व ‘बी’ खाली असे. २००१ च्या एक्सबॉक्सने नेमका उलटा क्रम स्वीकारला, आणि रेट्रोआर्क बटणावरील अक्षरापेक्षा त्याची जागा प्रमाण मानते.

तेव्हा ज्यास अक्षरानुसारच चालावयाचे असेल, त्याने खेळ सुरू असताना क्विक मेनूतील कंट्रोल्समध्ये फेरबदल करून तो त्या कोअरपुरता (म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या घटकापुरता) किंवा त्या खेळापुरता जतन करावा. इनपुट सेटिंग्जमधील मूळ नोंदीस हात लावल्यास तो बदल सर्वच कोअरना लागू होतो, आणि सुपर निन्टेंडोची तक्रार मिटताच मेगा ड्राइव्हच्या खेळांची फिर्याद दाखल होते. मात्र मेनूतही बटणे बेताल वागत असतील, तर तपासाचा आरंभ पॅडची ओळख पटविणाऱ्या ऑटोकॉन्फिगच्या नोंदीपासून करणेच इष्ट. पॅड मोडीत काढण्यापूर्वी एवढी चौकशी तरी व्हावी. कळावे.

आपला,
एक नियमित वाचक