श्रेढीतला फरक आणि सातपाटीची भरती

दहावीच्या बीजगणितात अंकगणिती श्रेढीचे प्रकरण आले की विद्यार्थ्याच्या पदरी प्रथम दोन सूत्रे पडतात, एक पद काढण्याचे आणि दुसरे बेरजेचे. त्यांत किमती भरून उत्तर चौकटीत बसवले की प्रकरण दप्तरदाखल होते. वस्तुतः ज्याला श्रेढी समजली असे म्हणावे, त्याला फरक कोठे खरोखर समान आहे, तो कशामुळे समान राहिला आहे, आणि कोठे आपण केवळ व्यवहाराच्या सोयीसाठी तो तसा मानून चाललो आहोत, हे सांगता आले पाहिजे; आणि याची पारख करण्यास पाठ्यपुस्तकापेक्षा पालघरचा किनारा अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे.

तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढण्याचा हिशेब कोकणपट्टीत पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पहिले पद पाऊण आणि फरकही पाऊण तासाचा. याहून निर्मळ श्रेढी पुस्तकाने तरी कोठून आणावी! परंतु हिशेब पुढे चालवला म्हणजे पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि लगेच प्रतिपदेला पाऊण वाजतो, म्हणजे एका तिथीत दीड तासाची उडी पडते. समुद्र अशी उडी मारीत नाही. भरती सरासरीने रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, उधाणाच्या दिवसांत हा उशीर कमी आणि भांगाच्या दिवसांत अधिक. पाऊणपटीचा आकडा तोंडी हिशेबाला सोपा आणि होडी काढण्यापुरता पुरेसा, म्हणून टिकला. सातपाटीच्या किंवा मुरब्याच्या मुलाला हे घरीच ठाऊक असते, पण वर्गात त्याला कोणी विचारीत नाही.

बेरजेच्या सूत्राची अवस्था याहून शोचनीय. शके १०७२ मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या श्रेढीव्यवहारात आधी अंत्यधन, मग आदि व अंत्य यांच्या बेरजेचे निम्मे म्हणजे मध्यधन, आणि त्यास पदसंख्येने गुणून सर्वधन, असा जो क्रम लावून दिला, त्यात प्रत्येक पायरीला अर्थ आहे, आजच्या सूत्रात तो कंसांच्या आड दडतो. पाचव्या वेतन आयोगाच्या काळी माध्यमिक शाळेतील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची वेतनश्रेणी ५५००-१७५-९००० अशी लिहीत. पायऱ्या २१, मधली अकरावी ७२५० ची, आणि तीच साऱ्या श्रेणीची सरासरी! गुरुजींना उदाहरणासाठी स्वतःच्या सेवापुस्तकाबाहेर जाण्याचे कारण नव्हते. २००६ पासून लागू झालेल्या सहाव्या आयोगाने वार्षिक वाढ तीन टक्क्यांची केली, वाढीवर वाढ चढू लागली, आणि ही श्रेढी सरकारी दप्तरातून उठली.

फरक मुळीच समान नसल्याचे उदाहरणही याच किनाऱ्यावर आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून बोईसरच्या शेजारी आहे. अशा केंद्रातील अणुभट्टीत तयार होणाऱ्या आयोडीन-१३१ या किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे; आठ दिवसांत निम्मे संपले तर सोळा दिवसांत सगळे संपेल, असे म्हणणाऱ्या मुलाला सूत्र येत नाही असे नव्हे. जेथे निम्म्याचे निम्मे होत जाते, तेथे त्याने समान वजाबाकी लावली, इतकेच.

दिलेली क्रमिका श्रेढी आहे काय, असे पुस्तकही विचारते, हे कबूल; पण तेथले आकडे उत्तर सोयीने यावे म्हणून बेतलेले असतात. सातपाटी-तारापूरच्या शाळांनी मंडळाच्या हुकमाची वाट न पाहता एका पंधरवड्याच्या पाऊणपटीच्या वेळा आणि भरतीच्या छापील कोष्टकातील वेळा शेजारी शेजारी लिहवून घ्याव्यात, आणि दोहोंतील अंतर कोणत्या तिथीला सर्वाधिक झाले व का, हे विचारावे. गुण हवे तर पाच ठेवावेत.