गाइड कॅमेरा शेवटी निवडा

पावसाळा सरतो, ऑक्टोबरात आकाश मोकळं होतं आणि खगोल छायाचित्रण करणाऱ्यांची खरेदी सुरू होते. दुर्बीण आहे, माउंट आहे, मुख्य कॅमेराही आहे. घोडं अडतं ते अंगठ्याएवढ्या गाइड कॅमेऱ्यापाशी. झेडडब्ल्यूओ कंपनीचा १२० मिनी घ्यावा, २२० मिनी घ्यावा, की एकदाच काय तो १७४ मिनी? आमच्या मते आधी मुख्य दुर्बिणीचं नाभीय अंतर आणि माउंटचा स्वभाव पाहावा, कॅमेऱ्यांचे तक्ते त्यानंतर उघडावेत.

आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतं. माउंटची मोटर त्याचा पाठलाग करते, पण कुठलाच गिअर निर्दोष नसतो. एचईक्यू-५ या माउंटचा वर्म गिअर ६३८ सेकंदांत एक फेरा घेतो आणि त्या फेऱ्यात तारा जागच्या जागी पुढे-मागे डुलत राहतो. पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये त्याची रेघ व्हायला तेवढं पुरतं. १९२३ साली हबल यांनी माउंट विल्सनवरून देवयानी दीर्घिकेची छायाचित्रं घेतली, तेव्हा आयपीसला डोळा लावून तारा तारेच्या फुलीवर धरून ठेवणं हे माणसाचं काम होतं. आज तेच काम गाइड कॅमेरा आणि पीएचडी-२ हे सॉफ्टवेअर करतात: दर एक-दोन सेकंदांनी ताऱ्याचा फोटो, त्याच्या मध्याचं मोजमाप, माउंटला दुरुस्ती.

स्वस्त आणि छोट्या कॅमेऱ्याची बाजू भक्कम आहे. १२० मिनीचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा. तो १२० मिमी नाभीय अंतराच्या गाइडस्कोपला, म्हणजे मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीला, लावला तर एका पिक्सेलमध्ये सुमारे ६.४ विकला मावतात. आकडा ढोबळ वाटतो, पण ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या लहानशा अंशापर्यंत काढता येतो आणि पीएचडी-२ आता एकाच वेळी अनेक ताऱ्यांची सरासरी घेतं. मुख्य दुर्बीण ४०० मिमीची आणि तिच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असेल, तर तिथलं प्रमाण सुमारे १.९ विकला येतं. एवढी तफावत सहज निभावते. इथे महागडा सेन्सर लावून फोटोत फरक दिसणार नाही.

नाभीय अंतर वाढलं की गणित बदलतं. आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन २०३२ मिमीची असते; तिच्यावर त्याच मुख्य कॅमेऱ्याचं प्रमाण ०.३८ विकला, म्हणजे गाइडच्या सतराव्या हिश्शाइतकं. त्याहून त्रासदायक असतो तो लवचिकपणा. पीएचडी-२ चा आलेख सरळ चाललेला असतो आणि तरीही फोटोतले सगळे तारे एकाच दिशेला लांबट येतात. माउंट गाइडस्कोपचं इमानेइतबारे ऐकत असतं. फक्त गाइडस्कोप आणि मुख्य दुर्बीण एकाच जागी पाहत नसतात. गाइडस्कोपच्या रिंगांचे स्क्रू किंचित ढिले, फोकसरच्या नळीत सूक्ष्म खेळ, लोंबकळणाऱ्या यूएसबी केबलचा ताण, श्मिट-कॅसेग्रेनचा स्वतःचाच सरकणारा आरसा, यांतलं काहीही कारण असू शकतं. असा दोष दिसला की लोक कॅमेरा बदलतात, आणि पैसे वाया जातात.

यावर इलाज आहे ऑफ-अॅक्सिस गाइडर: मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातला कडेचा तुकडा छोट्या प्रिझमने गाइड कॅमेऱ्याकडे वळवायचा. लवचिकपणाचा प्रश्न जवळजवळ संपतो, पण तारा मिळण्याची पंचाईत होते. २०३२ मिमीवर १२० मिनीचं क्षेत्र जेमतेम ८ बाय ६ कला. पूर्ण चंद्राची रुंदीच ३० कलांच्या आसपास असते. मृगाच्या परिसरात तारा सापडेल. एप्रिलमध्ये कन्या राशीतल्या दीर्घिका टिपायच्या तर आकाशगंगेपासून दूरच्या त्या विरळ भागात नुसता प्रिझम फिरवत बसावं लागतं. तिथे साडेचारपट क्षेत्रफळाच्या सेन्सरचा १७४ मिनी आपली किंमत वसूल करतो. २२० मिनीची लाल आणि अवरक्त प्रकाशातली संवेदनशीलताही तिथेच उपयोगी पडते.

हार्मोनिक माउंट वापरणाऱ्यांचा हिशेब थोडा वेगळा. अशा माउंटची चूक झपाट्याने बदलते, म्हणून अर्ध्या-एका सेकंदाला दुरुस्ती लागते आणि एवढ्या कमी वेळात तारा स्पष्ट दिसायला संवेदनशील सेन्सर हवाच. रंगीत कॅमेरा मात्र कुणीच घेऊ नये. पिक्सेलवरची रंगगाळणी बराच प्रकाश अडवते आणि गाइडिंगला रंगाचा काडीचा उपयोग नाही.

आपल्याकडची एक अडचण कुठलाच कॅमेरा सोडवत नाही. पुण्या-मुंबईहून ध्रुव जेमतेम १८-१९ अंशांवर असतो. समोर डोंगर किंवा इमारत आली की गेला. मग ध्रुवीय जुळणी, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं, अंदाजाने उरकली जाते. गाइडिंगमुळे मधला तारा जागेवर राहतो, पण त्याच्याभोवती सगळं चित्र हळूहळू फिरतं आणि कोपऱ्यांतले तारे कमानदार होतात. ध्रुव दिसत नसेल तर ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे तारा कसा सरकतो ते पाहून, जुळणी करावी. वेळ लागतो, पण तो द्यायलाच हवा.

म्हणून ६०० मिमीपर्यंतच्या दुर्बिणीसाठी आमची पसंती १२० मिनीसारखा साधा मोनो कॅमेरा आणि घट्ट बसवलेला गाइडस्कोप यांनाच. वाचलेले पैसे भक्कम रिंगा, चांगली केबल आणि गाइडस्कोपच्या भिंगावर दव धरू न देणारा हीटर यांवर घालावेत. हजार मिमीच्या पुढे सरळ ऑफ-अॅक्सिस गाइडर आणि मोठा सेन्सर घ्यावा. मधल्या पट्ट्यात ठाम उत्तर नाही. तिथे आधी गाइडस्कोपनेच सुरुवात करावी, आणि आलेख सरळ असूनही तारे लांबट येत राहिले तरच प्रिझमकडे वळावं. तोच छोटा कॅमेरा तिथेही लावून पाहता येतो.