झाशीच्या आकाशातील बेहिशेबी विष

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत झाशीचे नाव २०१९ पासून आहे. या कार्यक्रमाचे यश धूलिकणांच्या गजाने मोजले जाते. साहजिकच पैसाही धुळीवरच खर्च होतो. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ साली दाखवून दिले की, देशभरात या निधीपैकी ६४ टक्के रक्कम रस्त्यांची धूळ बसविण्यात गेली आणि औद्योगिक प्रदूषणाच्या वाट्याला अवघा ०.६१ टक्का आला. रस्ते भिजले, धुराड्यांकडे पाहण्यास कोणास सवड नव्हती!

झाशीजवळ बेतवेच्या काठी पारीछा येथे उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचे कोळशावर चालणारे वीज केंद्र आहे. तेथील २१० मेगावॅटचे दोन व २५० मेगावॅटचे दोन संच २००६ व त्यानंतरचे. कोळसा जळताना नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. बुंदेलखंडच्या प्रखर उन्हात इंधनांच्या व रंगद्रावकांच्या वाफांबरोबर त्यांची रासायनिक क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो कोणत्याही धुराड्यातून थेट निघत नाही. म्हणूनच कोणीही त्याचा धनी होत नाही. नोकरशाहीच्या हे पथ्यावरच पडले आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने २००४ ते २०१६ या काळात उभारलेल्या संचांसाठी या ऑक्साइडांची मर्यादा दर घनमीटरला ३०० मिलिग्रॅम ठरविली. दोन वर्षांत ती पाळली जावयाची होती. ऑक्टोबर २०२० मध्ये मर्यादाच ४५० वर नेण्यात आली. ताप उतरेना म्हणून तापमापकावरील रेघच वर सरकविण्याचा हा प्रकार! पारीछाचे हे चारही संच याच गटात मोडतात.

ओझोनसाठी आठ तासांना १०० मायक्रोग्रॅम हे मानक २००९ पासून कागदावर आहे. शहरात शिवाजीनगरला अखंड मापन केंद्रही आहे. परंतु वाहनांचा व धुराड्यांचा ताजा धूर जवळचा ओझोन खाऊन टाकतो. तो साचतो वाऱ्याच्या दिशेला, दूर शेतांवर. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, एकट्या २००५ मध्ये ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू बुडाला. शेतकऱ्याने हे नुकसान कोणाच्या दारी मांडावे?

प्रदूषणाची ओरड खाजगीकरणवाद्यांच्या हाती कोलीत देईल, असे काही जण म्हणतात. ही भीती निराधार नाही. पण ४५० ची सवलत खाजगी मक्तेदारांनाही तितकीच मिळाली आहे, आणि जनतेच्या मालकीच्या केंद्राने आपला हिशेब जनतेपासून लपविला, तर त्याचे रक्षण करण्यास उद्या कोण पुढे येईल? धुराड्यांवर ऑनलाइन मापनयंत्रे बसविण्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आदेश २०१४ चा आहे. त्या यंत्रांचे तासागणिक आकडे पारीछाच्या फाटकावर व आसपासच्या ग्रामपंचायतींत हिंदीतून लावा, आणि वाऱ्याच्या दिशेच्या गावांत ओझोनमापक बसवा, ही मागणी वीज कामगारांच्या व किसानांच्या संघटनांनी एकत्रितपणे, गव्हाच्या पुढील हंगामापूर्वी, उचलली पाहिजे.