बेपत्ता जवानाचा हिशेब

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातला एखादा पोरगा सैन्यात भरती झाला की गावात त्याची मिरवणूक निघते. जवान शहीद झाला तर अंत्ययात्रेला सारा तालुका लोटतो. पण लढाईवर गेलेला जवान परतलाच नाही, त्याचा देहही आला नाही, तर त्या घराच्या दारात जाऊन उत्तर द्यायचे कुणी?

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे सुखोई-7 विमान डिसेंबर 1971 च्या पहिल्या आठवड्यात पाकिस्तानात पडले. लगेचच 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर'ने पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी दिली. तिच्यात तांब्यांशी जुळणारे नाव होते. त्यांच्या पत्नी दमयंती या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे भारताने नव्वद हजारांवर युद्धकैदी परत पाठवले, पण 1965 आणि 1971 च्या युद्धांतल्या आपल्या 54 बेपत्तांचा प्रश्न तसाच राहिला. असे कैदी आपल्याकडे नाहीत, असे पाकिस्तान सांगत आले. 2007 मध्ये या कुटुंबांतले 14 जण तिथले तुरुंग पाहून रिकाम्या हातांनी परतले.

अमेरिकेने मात्र आपल्या बेपत्तांचा शोध सोडलेला नाही. व्हिएतनामच्या युद्धात तिने सुमारे 5,000 हेलिकॉप्टरे गमावली. कोसळलेल्या हेलिकॉप्टरांच्या आणि विमानांच्या जागा अमेरिकी पथके आजही खणतात, हाडाच्या तुकड्यांची डीएनए तपासणी करतात. एकेकाळी शत्रू असलेल्या देशाच्याच मदतीने त्या युद्धातल्या हजारांवर बेपत्तांची ओळख पटली आहे. हे काम एका कायम यंत्रणेकडे आहे, म्हणून सरकारे बदलली तरी ते थांबत नाही.

आपल्याकडेही उशिरा का होईना, माणसे सापडतात. 7 फेब्रुवारी 1968 रोजी 102 जणांना घेऊन निघालेले हवाई दलाचे एएन-12 विमान हिमाचलच्या बर्फात हरवले. त्याचे अवशेष 2003 मध्ये मिळाले आणि 2024 मध्ये, तब्बल 56 वर्षांनी, आणखी चौघांचे देह खाली आणले गेले. आपल्या जवानांनी जिवावर उदार होऊन केलेले हे काम आहे. फार दिवस झाले, ही सबब त्याने निकालात काढली आहे.

सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही की कायदा माणूस मृत मानतो. त्याने वारसांची कागदपत्रे पुढे सरकतात. शोधाची जबाबदारी संपत नाही. म्हणून सरकारने बेपत्ता सैनिकांसाठी कायमचे कार्यालय उभारावे. आई-वडील, भावंडे हयात आहेत तोवर त्यांचे डीएनए नमुने जपून ठेवावेत. प्रत्येक कुटुंबाला फाइल पाहू द्यावी आणि शोध कुठवर आला, हे दरवर्षी संसदेत सांगावे. बीडच्या खासदारांनी ही मागणी सभागृहात मांडावी. आपली पोरे देशाच्या हवाली करणाऱ्या तालुक्याचा तेवढा हक्क आहे.