‘पहिल्यांदा कुठलंही रक्त चालतं’ म्हणे!

कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात एक वाक्य इतक्या सहजपणे बोललं जातं की ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. "पहिल्यांदाच रक्त चढवतोय ना? मग कुठलंही चालतं." टेबलावर जनावर निपचित पडलेलं असतं, हिरड्या पांढऱ्याफटक झालेल्या असतात, मालक रडवेला होऊन उभा असतो. अशा वेळी हे वाक्य मोठा दिलासा देतं. माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य कुत्र्याच्या बाबतीत अर्धं खरं आहे, मांजराच्या बाबतीत साफ खोटं आहे, आणि दोन्ही ठिकाणी त्याच्या आडून निष्काळजीपणा खपवला जातो. मी पशुवैद्य नाही, भाषेचा शिक्षक आहे. पण अर्ध्या उत्तराला पूर्ण गुण द्यायचे नसतात, एवढं वर्गात रोज तपासतो.

आधी अर्धं खरं काय ते मान्य करू. माणसांत ए, बी, ओ हे गट असतात आणि चुकीच्या गटाविरुद्धच्या अँटीबॉडी आपल्या रक्तात आधीपासूनच हजर असतात. म्हणून आपल्याला पहिली चुकीची बाटलीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. कुत्र्यांचे गट वेगळे आहेत. त्यांची नावं ‘डीईए’ या अक्षरांनी सुरू होतात आणि त्यांत सर्वांत महत्त्वाचा गट म्हणजे डीईए १. काही कुत्र्यांच्या तांबड्या पेशींवर तो असतो, काहींच्या नसतो. ज्यांच्यात नसतो त्यांच्याजवळ त्याविरुद्धच्या अँटीबॉडी जन्मजात नसतात. त्यामुळे डीईए १ निगेटिव्ह कुत्र्याला पॉझिटिव्ह रक्त पहिल्यांदा दिलं तर सहसा लगेच काही होत नाही. कुत्रा उठून बसतो, शेपूट हलवतो, मालक दुआ देत घरी जातो.

पुढचं मात्र कुणी सांगत नाही. त्या कुत्र्याच्या शरीराने परकं रक्त ओळखलेलं असतं. काही दिवसांत अँटीबॉडी तयार होऊ लागतात आणि चढवलेल्या पेशी वेळेआधीच नष्ट होऊ शकतात. म्हणजे ज्या रक्तासाठी उसनेपासने केले, ते काही दिवसांतच वाया. आणि सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी त्याच कुत्र्यावर पुन्हा वेळ आली आणि पुन्हा पॉझिटिव्ह रक्त दिलं, तर सारी फौज तयार असते. तांबड्या पेशी भराभर फुटतात, लघवी काळपट लाल होते, कुत्रा दगावूही शकतो. तोवर दवाखाना बदललेला असतो, कागद हरवलेला असतो, आणि नवा डॉक्टर विचारतो, "आधी रक्त दिलं होतं का?" घरातलं कुणीतरी म्हणतं, "दिलं होतं बहुतेक."

आपल्या घरांतल्या बायकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पहिलं बाळंतपण सहसा सुखरूप पार पडतं, धोका पुढच्या बाळाला असतो. म्हणून तर पहिल्याच वेळी इंजेक्शन देतात. "पहिल्या वेळी काही होत नाही" असं म्हणून प्रसूतीच्या डॉक्टरांनी ते दिलं नाही तर आपण गप्प बसू का?

इतिहासानेही हा धडा फार पूर्वी दिलेला आहे. १६६५ साली इंग्लंडात रिचर्ड लोअर यांनी एका कुत्र्याचं रक्त दुसऱ्या कुत्र्याला देऊन त्याला जगवून दाखवलं. दोनच वर्षांनी, १६६७ मध्ये, पॅरिसमध्ये झां-बाप्तिस्त दनी या वैद्याने एका मनोरुग्णाला वासराचं रक्त दिलं. पहिल्या वेळी विशेष काही घडलं नाही. दुसऱ्या वेळी त्या माणसाला घाम फुटला, पाठ दुखू लागली, उलट्या झाल्या आणि लघवी काळी झाली. पुढे तो मेला, खटला झाला आणि फ्रान्समध्ये या उपचारावर बंदी आली. माणसाचे रक्तगट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मांडले. पॅरिसच्या त्या वैद्याला गटच ठाऊक नव्हते, त्याला माफी आहे. आज काही थेंब रक्तावर काही मिनिटांत डीईए १ सांगणाऱ्या पट्ट्या मिळतात. आजच्या अज्ञानाला माफी कशी द्यायची?

आता मांजराकडे येऊ. इथे ते वाक्य अर्धंसुद्धा खरं नाही. मांजरांत ए, बी आणि एबी असे गट आहेत (नावं माणसांसारखी असली तरी आपल्या गटांशी त्यांचा संबंध नाही), आणि मांजरांच्या रक्तात माणसांप्रमाणेच अँटीबॉडी आधीपासून असतात. बी गटाच्या मांजरात ए गटाविरुद्धच्या अँटीबॉडी फार जोरकस असतात. अशा मांजराला ए गटाचं थोडंसं रक्तही पहिल्याच वेळी मारू शकतं. मांजरांमध्ये ‘सर्वांना चालणारा’ दाता नसतो. २००७ मध्ये ‘मिक’ नावाचा आणखी एक घटक सापडला, त्यामुळे गट जुळला तरी क्रॉसमॅच करणं शहाणपणाचं ठरतं. आपल्याकडे बहुतेक गावठी मांजरं ए गटाची निघतील, असं कुणी म्हणेल. पण आपल्या मोहल्ल्यांत हौसेने पाळतात त्या पर्शियन मांजरांत बी गट आढळतो, आणि ब्रिटिश शॉर्टहेअरमध्ये तर तो बराच आढळतो. बी गटाच्या मांजरीला ए गटाची पिल्लं झाली की आईच्या पहिल्या दुधातून अँटीबॉडी पिल्लांच्या पोटात जातात आणि धडधाकट जन्मलेली पिल्लं एक-दोन दिवसांत मान टाकतात. घरात म्हणतात, "नजर लागली."

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी अशीच एक पर्शियन मांजर होती. अंगावर पिसवा झाल्या, खाणं सुटलं, रक्त फार कमी झालं. दवाखान्यात दुसऱ्या मांजराचं रक्त काढून तिला चढवलं. गट तपासला नाही, क्रॉसमॅच केला नाही. रात्र व्हायच्या आत ती गेली. पोराने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "नशीब." आता ती मूळ आजाराने गेली की चुकीच्या रक्ताने, हे कुणीच सांगू शकणार नाही, कारण सांगता येईल अशी एकही नोंद केलेली नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे. तकदीरवर माझाही ईमान आहे. पण जिथे तदबीर केलीच नाही, तिथे तकदीरचं नाव घेऊन हात झटकणं हा त्या शब्दाचा अपमान आहे.

रक्तगटाइतकाच दुसरा प्रश्न दात्याच्या आजारांचा. आपल्याकडे कुत्र्यांचं रक्त कमी होण्यामागे गोचीड हे मोठं कारण आहे. गोचिडांतून एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू शिरतात. एर्लिकियात प्लेटलेट घटतात, नाकातून रक्त येतं. बबेसिया तर तांबड्या पेशींच्या आतच घर करतो. वरून तंदुरुस्त दिसणाऱ्या कुत्र्याच्या रक्तातही हे जंतू असू शकतात. दात्याची तपासणी न करता रक्त दिलं तर एका हाताने रक्त आणि दुसऱ्या हाताने आजार दिल्यासारखं होतं. आणि हा दाता कोण असतो? पुष्कळदा ज्याला मालक नाही असा गल्लीतला कुत्रा, कारण त्याच्या वतीने "किती काढणार? त्याला झेपेल का?" असं विचारणारा कुणी नसतो. दाता लसीकरण झालेला, निरोगी, साधारण २५ किलोंच्या वरचा असावा, त्याच्या मालकाची परवानगी असावी, दोन वेळांत पुरेसं अंतर असावं. एकावर रहम करायचा म्हणून दुसऱ्यावर जुलूम करायचा, हा कुठला रहम?

आता आक्षेपांकडे वळतो. आपल्यातले काही म्हणतील, कुत्र्यासाठी एवढी उठाठेव कशाला, तो नापाक. पाकी-नापाकीचा मसला आपले हात आणि कपडे धुण्याचा आहे, त्यावर कोकणातले शाफई आणि घाटावरचे हनफी आपापल्या पद्धतीने चालतात. पण तडफडणाऱ्या जनावराकडे पाठ फिरवायची मुभा त्यातून कुणालाच मिळत नाही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्याने गुन्हे माफ झाल्याची हदीस आपण मदरशातल्या लहान मुलांना सांगतो. मोठे झाल्यावर ती विसरायची असते का?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त मिळताना मारामार, आणि तुम्ही कुत्र्या-मांजरांचं काय घेऊन बसलात? या प्रश्नामागची कळकळ मला कळते. पण कुत्र्याला कुत्र्याचंच रक्त लागतं. माणसाच्या रक्तपेढीतली एकही पिशवी त्यामुळे कमी होत नाही. ईद-ए-मिलादच्या शिबिरात रक्त देणारा हात संध्याकाळी आपल्या मांजराचा गट तपासून घेऊ शकतो.

तिसरा आक्षेप दवाखान्यांचा. रात्री दोनला गाडीखाली आलेला कुत्रा येतो, पट्टी नाही, प्रयोगशाळा बंद. तेव्हा तपासत बसायचं की जीव वाचवायचा? कुत्रा असेल आणि त्याला पूर्वी कधीच रक्त दिलेलं नसेल, तर जीव वाचवा. तिथे मी वाद घालणार नाही. फक्त चढवण्याआधी त्याच्या रक्ताचा नमुना काढून ठेवा, कारण नंतर दोघांचं रक्त मिसळलं की गट नीट कळत नाही. आणि मालकाच्या हातात लेखी द्या की आज न तपासलेलं रक्त दिलं आहे. हे लिहायला पट्टी लागत नाही, पेन लागतं. क्रॉसमॅचलाही फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दात्याच्या धुतलेल्या तांबड्या पेशी आणि रुग्णाचा प्लाझ्मा एकत्र करून गुठळ्या होतात का, पेशी फुटतात का, हे पाहायचं असतं. मात्र कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना क्रॉसमॅच ‘ठीक’ येतो, कारण अँटीबॉडी अजून बनलेल्याच नसतात. म्हणून तो गट-तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

हे सगळं माझ्या मनचे मांडे नाहीत. केंद्र सरकारच्या पशुपालन व दुग्धव्यवसाय विभागाने ऑगस्ट २०२५ मध्ये जनावरांच्या रक्तसंक्रमणाबद्दल आणि रक्तपेढ्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. गट तपासा, क्रॉसमॅच करा, दान ऐच्छिक आणि विनामोबदला असू द्या, दात्याचे हक्क जपा, असं त्यांत सांगितलं आहे. पण त्या सूचना आहेत, कायदा नाही. न पाळणाऱ्याला कुणी विचारत नाही. मुंबईतलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभं आहे. एवढा जुना वारसा असलेल्या राज्यात रक्त चढवण्याआधी गट तपासणं हे डॉक्टरांच्या मर्जीवर का राहावं?

तोवर आपल्या हातात काय आहे? एक ओळ. नसबंदीच्या किंवा लसीच्या वेळी, जनावर तंदुरुस्त असताना, रक्तगट तपासून घ्या आणि लसीकरणाच्या कार्डावर लिहून घ्या. शेजारी दुसरी ओळ: रक्त कधी दिलं, कुणाचं दिलं, तपासून दिलं की न तपासता. आणि दवाखान्यात कुणी "पहिल्यांदा कुठलंही चालतं" म्हणालं, तर अदबीने विचारा, "डॉक्टरसाहेब, मग दुसऱ्यांदा काय करायचं?"