हजार धनेश, पण बेट एकच





मागील अंकात एका वाचकाने नारकोंडमच्या धनेशाची काळजी आता पुरे, असे लिहिले आहे. पक्ष्यांची संख्या हजाराच्या घरात असल्याचा त्यांचा मुद्दा खरा. पण हे सगळे पक्षी अंदमानातल्या जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या एकाच बेटावर आहेत. जगात इतरत्र कुठेही नाहीत. आमच्या येलहंक्यातील पुट्टेनहळ्ळी तलाव 2015 साली पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र झाला. तिथले पाणी आटले, तर बगळे जक्कूर किंवा हेब्बाळचा तलाव गाठतात. या धनेशाने कुठे जावे?

त्याची मादी विणीच्या काळात जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बारीक फटीतून तिला उंबरासारखी फळे भरवतो. म्हणजे मोठी झाडे गेली की वीणही गेली. पोलीस चौकीसोबत बेटावर आलेल्या शेळ्यांनी कोवळी रोपे फस्त केली होती. त्या पुढे हटवाव्या लागल्या. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर तर बाहेरून आलेल्या एका सापाने जवळजवळ सगळे स्थानिक वनपक्षी संपवले.

नारकोंडमवरचा तटरक्षक दलाचा रडार प्रकल्प पर्यावरण मंत्रालयाने 2012 साली नाकारला, 2014 साली मंजूर केला. देशाची सुरक्षा मलाही महत्त्वाची वाटते. म्हणूनच मागणी एवढीच: बेटावरचे एकही ढोलीचे झाड तोडू नये आणि तिथे उतरणारी प्रत्येक गोणी, उंदरांसारखे बाहेरचे प्राणी येऊ नयेत म्हणून, तपासावी.

– एक वाचक, येलहंका, बेंगळूरु